काचेवरची काच

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. माझी भाची लॅपटॉप छातीशी धरून आमच्या दारात उभी राहिली. आत येऊन बसली, पाणीही घेतले नाही. म्हणाली, "खाला, हे बघा आणि खरं सांगा, माझं काय चुकलं?"

पडद्यावर एका दुल्हनचा फोटो होता. पाथरीकडचे लग्न. लाल दुपट्टा, नाकात नथ, दोन्ही हात पुढे करून मेहंदी दाखवत बसलेली मुलगी. फोटो सुरेखच होता. पण मेहंदीच्या त्या हातांवर हिरवे ठिपके होते. एक-दोन नव्हे, चांगले ओळीने, जणू कोणी हिरव्या शाईचे पेन झटकले असावे. पुढचा फोटो पाहिला, तेच. त्याच्या पुढचा पाहिला, तेच. फक्त ठिपके थोडे सरकलेले. असे साठ-सत्तर फोटो.

मुलीकडच्यांनी उरलेले सात हजार रुपये रोखून धरले होते. दुल्हनच्या फुफीने फोनवर सुनावले होते, "बेटी, निकाह काही दुसऱ्यांदा होत नाही." त्या बाईंचे काहीच चुकले नव्हते. घरातल्या बायकांचे फोटो परक्या पुरुषाने काढू नयेत म्हणून त्यांनी मुद्दाम मुलगी शोधली, आगाऊ पैसे दिले, आणि हाती हे आले. लग्नाचे फोटो ही एक प्रकारची अमानतच असते.

भाचीची बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे लग्नात जनान्याच्या बाजूला फोटो काढणारी मुलगी मिळाली तर लोकांना हवीच असते. परभणी, पाथरी, मानवत, पूर्णा, कुठेही विचारा. बी.ए. झाल्यावर तिने हेच काम करायचे ठरवले. दुलाभाईंचा सुरुवातीला विरोध होता. शेवटी भावाने मोटारसायकलवर सोडायचे आणि घेऊन यायचे, या अटीवर ते राजी झाले. आपाने भिशीचे पैसे उचलले, बाकीचे हप्ते बांधले. एक कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली लेन्स आणि कमी उजेडात चालणारी दुसरी एक छोटी लेन्स. हा तिचा पहिलाच मोसम. तिने मनाशी ठरवून टाकले होते की छोटी लेन्स खराब निघाली. नवीन लेन्सची किंमतही विचारून आली होती. म्हणजे पुन्हा कर्ज. आपाने तर मीठ-मिरच्या घेऊन कॅमेऱ्याची नजर काढली होती. हसू नका, आई आहे ती.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. लेन्स म्हणजे काय, हे मला बी.एड.च्या काळात जेवढे समजत होते त्याहून आज फारसे जास्त समजत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो फोटो आमच्या विज्ञानाच्या सरांपुढे ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोजायला लागले. दुल्हनच्या डोक्यावर पिवळ्या दिव्यांची कमान होती, स्टेजवर असते तशी. त्यात पंधरा दिवे. खाली हातांवरचे हिरवे ठिपके मोजले, तेही पंधरा. मग सरांनी मला विचारले, "मॅडम, ठिपक्यांचा आकार कसा दिसतो?"

मी नीट पाहिले. कमान! पण उलटी. वरची कमान डोंगरासारखी, खालची कढईसारखी.

सरांनी पडद्यावर पट्टी ठेवली. वर डाव्या टोकाचा दिवा आणि खाली उजव्या टोकाचा ठिपका जोडणारी रेघ बरोबर फोटोच्या मधोमध गेली. दुसरी जोडी घेतली, तीही मधूनच. सर म्हणाले, "लेन्स बिघडली असती तर इतक्या शिस्तीत बिघडली नसती. हे दिव्यांचंच प्रतिबिंब आहे. लेन्सच्या पुढे सपाट काच लावलीय का?"

लावली होती. दुकानदाराने कॅमेरा देताना दोन्ही लेन्सवर एकेक गोल काच फिरवून बसवली होती. "मॅडम, यूव्ही फिल्टर आहे, हे लावल्याशिवाय लेन्स बाहेर काढायची नाही." भाचीला वाटले, भेट दिली. घरी येऊन बिल पाहिले तर दोन फिल्टरचे बाराशे रुपये लावलेले होते. ते कोणते दुकान, कोणत्या शहरातले, ते जाऊ द्या.

संध्याकाळी आम्ही आपाच्या घरी प्रयोग केला. खोलीत अंधार केला, शोकेसवर रंगीत दिव्यांची माळ सोडली, आणि भाचीने त्याच लेन्सने दोन फोटो काढले. एक फिल्टर ठेवून, एक काढून. पहिल्या फोटोत शोकेसच्या खाली हिरव्या ठिपक्यांची माळ होती. दुसऱ्यात काही नाही. आपा म्हणाली, "अल्लाह! एवढ्याशा काचेपायी पोर रात्ररात्र रडली?"

हे का घडते, ते सरांनी मला ज्या उदाहरणाने समजावले तेच इथे देते. रात्री एसटीने प्रवास करताना खिडकीच्या काचेत आतला दिवा दिसतो. नीट पाहिले तर एका दिव्याच्या जागी जवळजवळ चिकटलेले दोन दिसतात. कारण काचेला दोन पृष्ठभाग असतात, अलीकडचा आणि पलीकडचा, आणि दोन्ही थोडा थोडा उजेड परत फेकतात. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परतवतो. दोन मिळून सुमारे ८ टक्के. दिवसा हे आपल्या ध्यानातही येत नाही. प्रकाशाच्या परतण्याचा हिशोब इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर'मध्ये सविस्तर मांडला आहे. त्यांनी यूव्ही फिल्टर पाहिला असता तर दुकानदाराची काही धडगत नव्हती.

कॅमेऱ्यात हा प्रवास असा होतो. दिव्याचा उजेड लेन्समधून आत सेन्सरवर पडतो. सेन्सरचा भागही चकचकीत असतो, तो त्यातला थोडा उजेड परत बाहेर पाठवतो. हा परतीचा उजेड लेन्समधून निघतो आणि पुढच्या सपाट फिल्टरवर आपटून पुन्हा आत येतो. लेन्सच्या स्वतःच्या काचा बहुधा वक्र असतात, त्यांच्यावरून परतलेला उजेड इकडे-तिकडे पसरून जातो. सपाट काच मात्र आरशासारखी सरळ परत पाठवते, म्हणून दिव्याची स्पष्ट, ठसठशीत, मध्यबिंदूच्या पलीकडे उलटी झालेली प्रतिमा उमटते. फोटोग्राफर लोक तिला 'घोस्ट' म्हणतात, म्हणजे भूत. आपाची मिरची अगदीच वाया गेली नव्हती म्हणायची!

दोनदा परतून आलेला हा उजेड फार थोडा असतो, हजारात एखादा भाग. पण दिवा आणि सावलीतला लाल दुपट्टा यांच्या उजेडात फरकही तेवढाच प्रचंड असतो. म्हणून दिवसाच्या फोटोत हे भूत दिसत नाही, आणि रात्री, समोर दिवे आणि भोवती अंधार असला की हमखास दिसते. आपले निकाहचे स्टेज, रमजानमध्ये रोषणाई केलेली मशीद, उर्सातली दुकाने, चौदाव्या रात्रीचा चंद्र: जिथे फोटो काढायचा मोह होतो नेमकी तीच ठिकाणे.

आता प्रश्न असा, की या काचेला यूव्ही हे नाव आले कुठून? ते उगाच आलेले नाही.

१८०१ साली जर्मनीत योहान विल्हेल्म रिटर नावाच्या शास्त्रज्ञाने प्रिझममधून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात चांदीचा क्षार, सिल्व्हर क्लोराईड, लावलेला कागद धरला. हा क्षार उजेडात काळा पडतो. रिटर यांना आढळले की जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे कागद सगळ्यांत लवकर काळा होतो. तेच हे अतिनील किरण, म्हणजे यूव्ही. पुढे फोटोची फिल्म चांदीच्या क्षारांचीच बनू लागली. साहजिकच डोळ्यांना न दिसणारे किरण फिल्मला दिसत होते. डोंगरावर, समुद्राकाठी किंवा दूरचे दृश्य टिपताना त्यांच्यामुळे फोटोत धूसर निळसरपणा उतरायचा. त्यावर उपाय म्हणून हे किरण अडवणारी काच लेन्सपुढे लावत. फिकट गुलाबी छटेचा 'स्कायलाइट' फिल्टरही त्याच कुळातला.

माझ्या लहानपणी अब्बांचे एक दोस्त स्टुडिओ चालवायचे. त्यांच्याकडे रशियन झेनिट कॅमेरा होता, आणि कृष्णधवल कामासाठी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल. त्यांच्या लेन्सवर कायम फिल्टर असे. त्यांचे बरोबर होते. त्यांच्या फिल्मला त्याची गरज होती.

डिजिटल कॅमेऱ्यात ही गरज जवळपास संपली. सेन्सरच्या पुढ्यातच अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कारखान्यात बसवलेला असतो. शिवाय लेन्समधल्या काचा स्वतःच बरेचसे अतिनील किरण शोषून घेतात. म्हणजे दुकानदार ज्या किरणांच्या नावाने ही काच विकतो, ते किरण आधीच दारात अडवलेले आहेत. नाव राहिले, काम बदलले. आता ती फक्त एक पुढची काच आहे, दिवाणखान्यातल्या सोफ्याला आपण कव्हर घालतो तशी. निकॉन आणि कॅननसारख्या कंपन्या तर रंगावर काही परिणाम न करणारे, केवळ संरक्षणाचे म्हणून फिल्टर वेगळे विकतात. तो प्रामाणिकपणा मला आवडला.

मग कव्हर म्हणून तरी लावावी की नाही?

भाचीने त्या रात्री दोन्ही फिल्टर कचऱ्यात टाकायला काढले होते. मी थांबवले. कारण आठ दिवसांनी तिला मानवतच्या एका जिनिंगमध्ये, मालकाच्या घरच्यांसाठी फोटो काढायचे होते. कापसाचा मोसम होता. जिनिंगमध्ये ज्यांनी पाऊल टाकले आहे त्यांना माहीत आहे, तिथली हवाच पांढरी असते. सरकी, तंतू, माती सगळे उडत असते. तिथे दिवसाच्या उजेडात तिने फिल्टर लावून काम केले. घरी आल्यावर फिल्टरवर बारीक केसांचे आणि धुळीचे एक पटल होते. लेन्स स्वच्छ.

आपल्या जिल्ह्यात धूळ हा काही किरकोळ विषय नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उर्स भरतो. तिथल्या गर्दीत संध्याकाळी उभे राहून पाहा, दिव्यांभोवती धुळीची कडी दिसतात. उन्हाळ्यात वावटळी येतात. त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असतो. नुसता बसलेला कण काही करत नाही. आपण ओढणीच्या टोकाने लेन्स पुसतो तेव्हा तो कण काचेवर फिरतो आणि ओरखडा काढतो. म्हणजे खरा शत्रू बऱ्याचदा धूळ नसून आपली ओढणी असते.

लग्नात आणखी दोन शत्रू. एक, गुलाबपाणी. पाहुण्यांवर शिंपडणारा उत्साही मामू कॅमेरा बघत नाही. दुसरा, बच्चे कंपनी. दुल्हनच्या मांडीवरचे दीड वर्षांचे मूल, नुकताच खुरमा खाल्लेला हात, आणि समोर चमकणारी गोल काच! तो हात लेन्सवर आला नाही असे लग्न भाचीने अजून पाहिलेले नाही. अशा वेळी फिल्टरचा फार आधार वाटतो. तो काढून, धुऊन, सुकवून पुन्हा लावता येतो. लेन्स नळाखाली धरता येत नाही.

काही महागड्या लेन्सच्या बाबतीत तर कंपनीच फिल्टर लावायला सांगते. कॅननच्या १७-४० मिलिमीटरच्या एका लेन्सच्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे की धूळ आणि पाण्यापासून पुरेसे संरक्षण हवे असेल तर पुढे फिल्टर बसवा, कारण झूम करताना तिची पुढची काच आत-बाहेर सरकते आणि ती फट बंद व्हावी लागते. आपल्या साध्या लेन्सना हे लागू नाही, पण 'फिल्टर म्हणजे निव्वळ फसवणूक' असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

पण दुकानदाराचे आवडते वाक्य वेगळे असते: "कॅमेरा पडला तर फिल्टर फुटेल, लेन्स वाचेल." इथे मी थोडी कडक होते. फिल्टरची काच एक-दोन मिलिमीटर जाडीची असते. लेन्सची पुढची काच बहुधा तिच्यापेक्षा कितीतरी जाड आणि मजबूत. ज्या धक्क्याने फिल्टर फुटतो त्या धक्क्याने लेन्स फुटलीच असती असे नव्हे. स्टीव्ह पेरी नावाच्या अमेरिकन निसर्ग छायाचित्रकाराने जुन्या लेन्स आणि फिल्टर घेऊन त्यांच्यावर वजन पाडून पाहिले होते. फिल्टर थोड्याशा आघाताने फुटत गेले, लेन्सच्या पुढच्या काचांना त्याहून खूप जास्त मार लागला. शिवाय फुटलेल्या फिल्टरचे धारदार तुकडे लेन्सवरच घासतात. एवढे खरे की फिल्टरची धातूची कडा लेन्सच्या आट्यांना वाचवते; पण मग ती कडा वाकून अशी रुतून बसते की दुरुस्तीवाल्याकडेच जावे लागते.

पडण्याचीच भीती असेल तर लेन्सचे हूड लावा. पुढे बसणारी ती प्लॅस्टिकची कडा. धक्का आधी तिला बसतो, मुलांची बोटे काचेपर्यंत पोहोचत नाहीत, आणि बाजूच्या दिव्याचा उजेडही थोडा अडतो. म्हणजे फिल्टर फोटोतून काही घेतो, तर हूड उलट काही देते. भाचीच्या कॅमेऱ्याबरोबर हूड नव्हते, दुकानदाराने त्याचे नावही काढले नव्हते. नंतर वेगळे मागवले, तीनशे रुपयांत आले.

आणि एक गैरसमज: फिल्टर लावला की लेन्सला बुरशी लागत नाही. तसे काही नाही. बुरशी ओलाव्याने लागते, ती आतूनही वाढते. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून वापरा. हे मी माझ्या अनुभवाने सांगते. अब्बांच्या दोस्तांच्या पश्चात त्यांची झेनिट आमच्याकडे आली होती, आम्ही ती मखमलीत जपून ठेवली. जपता जपता लेन्समध्ये बुरशीचे जाळे झाले.

आता घ्यायचाच असेल तर कसा घ्यावा. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा टोपणाच्या आतल्या बाजूला एक गोल आणि त्यावर तिरपी रेघ असे चिन्ह असते, त्याच्यापुढचा आकडा म्हणजे फिल्टरचे माप. लेन्सवर १८-५५ लिहिले आहे म्हणून ५५ चा फिल्टर मागू नका. तो आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे. भाचीच्या मोठ्या लेन्सला ५८ मिलिमीटरचा लागतो आणि छोट्या, ५० मिलिमीटरच्या लेन्सला ४९ चा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने नेमकी हीच गफलत केली आणि फिल्टर पोस्टाने दोनदा परत पाठवला.

दुसरी गोष्ट कोटिंगची. काचेवर अतिशय पातळ थर चढवला की परतणारा उजेड कमी होतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी ही युक्ती शोधली. आज चांगल्या फिल्टरवर असे अनेक थर असतात आणि प्रत्येक पृष्ठभागावरून परतणारा उजेड ४ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. ओळखायचे कसे? डबीवर काहीही छापलेले असते. त्यापेक्षा फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. त्यात ट्यूबचे प्रतिबिंब पांढरे शुभ्र, आरशासारखे दिसले तर काच साधी आहे. प्रतिबिंब अंधुक आणि हिरवट किंवा जांभळट दिसले तर कोटिंग आहे. भाचीच्या बाराशेच्या जोडीत ट्यूब इतकी स्वच्छ दिसत होती की आपाने त्यात बघून दुपट्टा सारखा केला.

चांगल्या फिल्टरला आमच्या मापात दीड ते तीन हजार रुपये पडतात. आता मला सांगा, साध्या लेन्सवर एवढे खर्च करण्यात काय अर्थ? आमचा हिशोब असा झाला: छोट्या लेन्सवर, जिच्याने रात्रीचे स्टेज काढायचे असते, फिल्टर नाहीच, फक्त हूड. मोठ्या लेन्ससाठी एक चांगला, अनेक थरांचा फिल्टर, तोही दिवसा आणि धुळीत. समोर दिवे आले की काढून डबीत. चांगल्या फिल्टरनेही भूत पूर्ण जात नाही, फक्त मंद होते.

फिल्टर बसवताना हलक्या हाताने फिरवा, घट्ट आवळू नका. अडकलाच तर जाड रबरबँड कडेभोवती गुंडाळा आणि बोटांनी सगळीकडून सारखा, हलका जोर देत उलटा फिरवा. चिमटीत दाबून धरला तर कडा लंबगोल होते आणि आणखी रुतते. पुसण्यापूर्वी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबरचे स्वच्छ कापड. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. आणि एक दिलासा: लेन्सच्या पुढच्या काचेवरचा बारीकसा ओरखडा फोटोत बहुधा दिसत नाही. दिवा किंवा सूर्य समोर असेल तेव्हा क्वचित जाणवतो. तेव्हा ओरखडा पडला म्हणून रडत बसायचे कारण नाही.

ज्यांच्या घरात कॅमेरा नाही त्यांनी इथपर्यंत वाचून पान उलटू नये, कारण मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात आहे. मोबाइलला मागे कॅमेऱ्यावर चिकटवायची काच आता कव्हरबरोबर सर्रास विकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर कंपनीने आधीच एक मजबूत काच बसवलेली असते. तिच्यावर आपण पन्नास-शंभर रुपयांची दुसरी चिकटवतो. मग रात्रीच्या फोटोत प्रत्येक दिव्याभोवती तेजोवलय येते, फ्लॅशचा उजेड त्या काचेतून सरकत कॅमेऱ्यात शिरतो आणि सगळा फोटो दुधाळ होतो. "मोबाइल जुना झाला, कॅमेरा गेला" म्हणून नवीन मोबाइलची मागणी करणाऱ्या मुलांच्या आयांनी आधी ती काच काढून, मागचा भाग मऊ कापडाने पुसून एक फोटो काढून पाहावा. आमच्या घरात माझ्या मुलाचे हजारो रुपये, म्हणजे माझे, असेच वाचले.

नावावरून होणारी एक गफलत मात्र धोक्याची आहे. यूव्ही फिल्टर म्हणजे सूर्याचा चष्मा नव्हे. तो डोळ्यांना दिसणारा उजेड जवळजवळ सगळाच आत सोडतो. तो लावून कॅमेऱ्याच्या काचेरी छिद्रातून सूर्याकडे पाहिले तर डोळा कायमचा जाऊ शकतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी मक्का आणि जेद्दाह भागातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या सुमारास उमऱ्याला गेलेल्या आपल्या माणसांना फोटोचा मोह होईल. ग्रहणासाठीचे सौर फिल्टर पूर्ण वेगळे, काळेभोर असतात. मुलांना हे आत्ताच सांगून ठेवा.

पाथरीच्या फोटोंचे काय झाले, ते राहिलेच. भाचीने अकरा रात्री बसून संगणकावर एकेक हिरवा ठिपका पुसला. मेहंदीची नक्षी जिथे ठिपक्याखाली गेली होती तिथे दुसऱ्या फोटोतली नक्षी पाहून जुळवली. नऊ फोटो तरीही सुधारले नाहीत. तिने ते लपवले नाहीत. मी बरोबर गेले होते. तिने दुल्हनच्या फुफीसमोर लॅपटॉप ठेवला, कमान आणि ठिपके दाखवले, आणि सांगितले, "फुफीअम्मा, दिवे समोर असताना मी ती काच काढायला हवी होती. मला माहीत नव्हतं. हे नऊ फोटो वाया गेले, त्याचे पैसे मी मागत नाही."

फुफींनी फोटो दोनदा पाहिले. मग विचारले, "ती काच कुठंय?" भाचीने पर्समधून डबी काढली. त्यांनी फिल्टर हातात घेऊन खिडकीकडे धरला, उलटा केला, परत केला, आणि आतून पाच हजार रुपये आणून मोजून दिले. निघताना दारात त्यांची धाकटी सून मोबाइल घेऊन आली. मागच्या काचेचा कोपरा नखाने उचलत होती.